शेजाऱ्यांची हरकत आणि एकटीचा परवाना



एप्रिल २०२५ मधली गोष्ट. दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या केंद्रावर अकरा बाया आल्या. द्रोणागिरी नोडमधल्या एका सोसायटीतल्या. त्यांतल्या चौघींना मी बचत गटामुळे ओळखत होते. मागणे सरळ होते. "मॅडम, आमच्या बिल्डिंगमध्ये एक बाई फ्लॅट रोजच्या भाड्याने देते. कोण येतं, कोण जातं, पत्ता नाही. आता तिनं सरकारकडे परवाना मागितलाय. तो मिळू नये म्हणून मोर्चा काढायचाय. तुम्ही पुढे व्हा."

बाया आपण होऊन मोर्चा काढायला आल्या की कार्यकर्तीला बरे वाटते. मलाही वाटले. मी वही काढली आणि तक्रारी लिहून घेऊ लागले. पहिली पाण्याची, दुसरी आवाजाची, तिसरी जिन्यातल्या अनोळखी पुरुषांची. चौथ्या तक्रारीला माझे पेन थांबले. "ती एकटी राहते ना मॅडम. नवऱ्याने टाकलेली. तिचं काय, कोणीही आलं तरी तिला चालतं."

त्या बाईला पुढे सहा महिन्यांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, शेजाऱ्यांची हरकत असूनही नोंदणी प्रमाणपत्र मिळाले. आमच्याकडे सगळे त्याला परवानाच म्हणतात, मीही तेच म्हणेन. तो परवाना देणे बरोबर होते असे माझे ठाम मत आहे. आमच्याच गटात यावरून दोन तट पडले आणि अजून ते पुरते मिटलेले नाहीत. इतर संघटनांतल्या मैत्रिणींनाही सगळे पटेल असे नाही. म्हणूनच हा विषय आपल्या पानांत मांडते आहे.

आधी ठिकाण समजून घेऊ. द्रोणागिरी हा सिडकोचा नोड उरण तालुक्यात येतो. पनवेलकडून यायचे तर बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या रांगांमधून वाट काढावी लागते. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. भातखाचरे गेली, मिठागरे गेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणचा शेतकरी रस्त्यावर उतरला आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना निघाली. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून येणारा अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंतच्या लोकलचे उद्घाटन झाले. डिसेंबर २०२५ मध्ये नव्या विमानतळावरून विमाने उडू लागली. म्हणजे आता इथे माणसे येणार, रात्रभर राहणार, त्यांना खोली लागणार. हा पैसा कोणाच्या घरात जाणार, हा खरा प्रश्न आहे.

कारण याआधीचा पैसा कोणाच्या घरात गेला ते आपण पाहिले आहे. लढ्यात बायाही उतरल्या होत्या, पण भूखंड मिळाले खातेदारांना, आणि खातेदार बहुतेक पुरुष. बहिणींकडून हक्कसोडपत्रावर अंगठे नि सह्या घेतल्या गेल्या, बदल्यात एखादी साडी. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायदा बदलून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हिस्सा दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५ मध्ये केंद्राने सर्वच मुलींना तो दिला. बाप २००५ च्या आधी वारला असला तरी मुलीचा हक्क जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. तोवर आमच्या भागात इमारती उभ्याही राहिल्या होत्या. हिस्सा मागणारी बहीण म्हणजे माहेर तोडणारी, ही समजूत मात्र कुठल्याच कायद्याने बदललेली नाही.

ज्या बाईविरुद्ध मोर्चा काढायचा होता ती अशीच हिस्सा मागणारी बहीण. तिला मी इथे ताई म्हणते. १९९८ मध्ये नवऱ्याने टाकल्यावर दोन वर्षांची मुलगी घेऊन ती माहेरी आली. भावांनी हक्कसोडपत्र पुढे केले तेव्हा तिने सही केली नाही. पाच वर्षे भांडली. शेवटी भूखंडावर बिल्डरने बांधलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर शेजारी-शेजारी दोन छोटे फ्लॅट तिच्या नावावर झाले. भावाचा फ्लॅट त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. तेव्हापासून भाऊबीज बंद आहे.

वीस वर्षे तिने कंटेनर यार्डातल्या कारकुनांना आणि ड्रायव्हरना डबे पुरवले. पहाटे चारला उठून तांदळाच्या भाकरी भाजायच्या, दुपारी डबे गोळा करायचे. मुलीला नर्सिंग शिकवले. पन्नाशीला टेकली तेव्हा गुडघे गेले. डॉक्टरांनी उभे राहायचे काम बंद करा म्हणून सांगितले. कधीतरी ओळखीतून एक कुटुंब दोन रात्रींसाठी आले, जेवण आवडले म्हणून जास्त पैसे देऊन गेले. तिथून तिला सुचले. एका फ्लॅटमध्ये आपण राहायचे, दुसरा पाहुण्यांना द्यायचा. एका रात्रीचे पंधराशे रुपये, जेवणाचे वेगळे.

आता शेजाऱ्यांची बाजू. ती मी झाकणार नाही. ३१ डिसेंबर २०२४ च्या रात्री तिने सहा तरुणांना फ्लॅट दिला. ते गच्चीवर दारू प्यायले, गाणी लावली. दुसऱ्या मजल्यावरची बारावीतली मुलगी जिन्यातून जात होती, तिला अडवून काहीबाही बोलले. ताई स्वतः वर गेली आणि रात्री एक वाजता तिने त्यांना सामानासकट बाहेर काढले. पण तोवर व्हायचे ते झाले होते. ती मुलगी पुढे महिनाभर एकटी जिना उतरायला तयार नव्हती. तिची आई त्या अकरा जणींत होती. तिच्या रागाला मी नावे ठेवणार नाही. आपल्या मुलीला घराच्या जिन्यात सुरक्षित वाटले पाहिजे ही मागणी स्त्रीमुक्तीचीच मागणी आहे.

या प्रकारानंतर ताई माझ्या एका सहकारिणीला म्हणाली, "बाय, चूक माझी. पण पोटाचा धंदा लपूनछपून करायचा नाही मला. नियमात काय असेल ते सांग." फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने पर्यटनाच्या निवास-न्याहारी योजनेखाली नोंदणीचा अर्ज केला. कार्यालयाने सोसायटीचा ना हरकत दाखला मागितला. सोसायटीने तो दिला नाहीच, उलट कार्यालयाला हरकतीचे पत्र पाठवले. अर्ज फायलीत पडून राहिला.

ते पत्र मी वाचले आहे. बावीस फ्लॅट, सतरा सह्या. पाण्याविषयी एक ओळ, आवाजाविषयी एक ओळ. जिन्यात अडवल्या गेलेल्या मुलीचा उल्लेखसुद्धा नाही. उरलेले दीड पान ताईविषयी. सदर महिला पतीपासून विभक्त असून एकटी राहते. तिच्याकडे येणाऱ्या व्यक्तींमुळे सोसायटीचे सुसंस्कृत वातावरण बिघडेल. आमच्या लेकीसुनांवर वाईट परिणाम होईल. सतरा सह्यांत एक सही तिच्या सख्ख्या भावाची.

सतरापैकी चौदा सह्या पुरुषांच्या. केंद्रावर आलेल्या अकरा बायांपैकी फक्त एकीची सही पत्रावर होती, कारण फ्लॅट तिच्या एकटीच्याच नावावर होता. बाकी दहा जणींना पत्र दाखवलेसुद्धा नव्हते. सोसायटीचा सभासद तो, ज्याच्या नावे भाग-दाखला. आपण शेजारी शेजारी म्हणतो तेव्हा कागदावर तो शेजारी बहुतेक वेळा पुरुष असतो. बायांना मोर्च्याला पाठवायचे, सही मात्र आपण करायची. मी हे त्या दहा जणींना विचारले तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही.

आणखी एक. त्याच इमारतीत तळमजल्यावरचा एक फ्लॅट एका ठेकेदाराने भाड्याने घेतला आहे. तिथे नऊ कामगार राहतात. पाणी तेही वापरतात, जिना तेही वापरतात, महिन्या-दोन महिन्यांनी माणसे बदलतात. मालक सोसायटीचा माजी पदाधिकारी. त्याच्याविरुद्ध एकही पत्र नाही. (त्या कामगारांना हाकला असे मी अजिबात म्हणत नाही. गरीब माणसाने राहायचे कुठे?) पण अनोळखी माणसे ही तक्रार असेल तर ती दोन्ही दारांवर सारखी लागू झाली पाहिजे. एका दारावर लागू होते आणि दुसऱ्यावर होत नाही, याचा अर्थ तक्रार पाहुण्यांविषयी नाही. दार उघडणाऱ्या बाईविषयी आहे.

हे आमच्या भागाला नवे नाही. मार्च २००५ मध्ये पनवेलच्याच आमदारांनी रायगडमधल्या डान्स बारचा प्रश्न विधानसभेत मांडला आणि तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदी जाहीर केली. ऑगस्ट २००५ पासून बंदी अमलात आली. तरुण मुले बिघडतात, संसार मोडतात, हीच भाषा होती. आपल्या चळवळीतही तेव्हा दुफळी झाली. काही संघटना बंदीच्या बाजूने, काही बारबालांच्या रोजगाराच्या बाजूने. कायद्यातली गोम अशी होती की तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना बंदीतून सूट होती. श्रीमंताच्या हॉटेलात नाच म्हणजे मनोरंजन, पनवेलच्या बारमध्ये नाच म्हणजे अनीती. एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. समानतेचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क, हे दोन्ही आधार त्यात होते. पण मधल्या आठ वर्षांत हजारो बायांचा रोजगार गेला तो गेलाच. त्या कुठे गेल्या, काय करून जगल्या, हे बंदी मागणाऱ्यांपैकी किती जणांनी जाऊन विचारले?

बाईच्या पोटापाण्यावर नीतीच्या नावाने हरकत घेतली जाते तेव्हा कार्यकर्तीने एकच गोष्ट तपासावी. तेच काम पैसेवाला करतो तेव्हा शेजारी काय करतात? अलिबागकडे जा. आवास, किहीम, नागाव. मुंबईच्या धनिकांचे बंगले, तरणतलाव, शनिवार-रविवारच्या पार्ट्या. भरतीरेषेजवळचे बांधकामाचे नियम मोडून काही बंगले वर्षानुवर्षे उभे राहिले. बँक घोटाळ्यात फरार झालेल्या हिरे व्यापाऱ्याचा किहीमचा बंगला ८ मार्च २०१९ रोजी, म्हणजे नेमका महिला दिनी, सुरुंग लावून पाडला. पण त्यासाठी आधी लोकांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. धनिकाच्या बंगल्याविरुद्ध हरकत घ्यायची तर वर्षे आणि वकील लागतात. ताईचा अर्ज अडवायला दीड पान पुरले.

आता सर्वांत अवघड मुद्दा. आमच्याच गटातल्या एका ज्येष्ठ मैत्रिणीने तो मांडला. ती म्हणाली, "दारूचे दुकान बंद करायला आपणच बायांच्या सह्या गोळा केल्या. वस्तीला हरकत घेण्याचा हक्क आहे हे आपणच शिकवलं. आज वस्ती हरकत घेते आहे तर तू म्हणतेस, हरकत असली तरी परवाना द्या. हे कसं?"

प्रश्न रास्त आहे. उत्तरही नीट दिले पाहिजे.

बाटली आडवी करण्याची पद्धत आठवून पाहा. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते. मग गुप्त मतदान होते. निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तरच दुकान बंद. म्हणजे तिथे मत देणारी बाई मालक असो वा भाडेकरू, तिला मत आहे. ते गुप्त आहे, म्हणून नवऱ्याला घाबरायचे कारण नाही. आणि हरकत दारूला आहे. दारूने होणारी मारहाण, उपासमार, मरण आपण घराघरांत मोजलेले आहे. दुकान चालवणारी व्यक्ती विधवा आहे की परित्यक्ता, हा प्रश्न त्या मतपत्रिकेवर नसतो.

सोसायटीच्या ना हरकत दाखल्यात यातले काय आहे? पडताळणी नाही, गुप्तता नाही, बायांना मत नाही. कारण द्यायचे बंधन नाही. दिलेल्या कारणाला पुरावा लागत नाही. सोसायटी गप्प बसली तरी अर्ज मरतो. याला मी लोकशाही म्हणणार नाही. ही जातपंचायतीची रीत आहे, फक्त लेटरहेड सोसायटीचे. आपण वस्तीला हरकतीचा हक्क मिळवून दिला तो माणसाचे नुकसान थांबवण्यासाठी. शेजारणीच्या चारित्र्यावर मतदान घेण्यासाठी दिला नव्हता.

बाहेरच्या देशांतही शेजाऱ्यांच्या हरकती आहेत आणि त्यांतून शिकण्यासारखे आहे. बार्सिलोना शहराने २०२४ मध्ये जाहीर केले की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या सुमारे १० हजार घरांचे परवाने २०२८ मध्ये संपवायचे. स्पेनमध्ये ३ एप्रिल २०२५ पासून इमारतीतल्या फ्लॅटमध्ये नव्याने पर्यटक ठेवायचे असतील तर मालकांच्या सभेची तीन-पंचमांश मंजुरी आधी लागते. यावर बोट ठेवून आमचे सोसायटीवाले म्हणाले, बघा, युरोपातसुद्धा! पण तिथली तक्रार काय आहे ते पाहा. घरामागून घर पर्यटकांसाठी गेले, भाडी चढली, तिथल्याच कष्टकरी माणसांना राहायला जागा उरेना. ही तक्रार मोजता येते. उद्या एखाद्या कंपनीने द्रोणागिरीत चाळीस फ्लॅट घेऊन त्यांचे लॉज केले, भाडेकरू बायांना बाहेर काढले, तर त्या मोर्च्याच्या पुढे मी असेन. ताई तिथेच, भिंतीपलीकडे राहते. केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेतही मालकाने त्याच जागेत राहिले पाहिजे अशी अट आहे, आणि ती योग्य अट आहे. जी स्वतः तिथे झोपते तिला आवाजाचा त्रास आधी होतो.

सुनावणीच्या आधी सोसायटीने एक तडजोड सुचवली. फक्त विवाहित जोडप्यांना ठेवा, लग्नाचा दाखला घ्या, आम्ही हरकत मागे घेतो. आमच्यातल्या काही जणी याला तयार होत्या. मी नव्हते. कोणा प्रौढ स्त्री-पुरुषाने एका खोलीत राहायला लग्नाचा दाखला लागतो असा कायदा नाही. कोइम्बतूरला २०१९ मध्ये अविवाहित जोडपे आढळले आणि एका खोलीत दारूच्या बाटल्या सापडल्या म्हणून भाड्याच्या सदनिकांची इमारत सील केली होती. मद्रास उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती उघडायला लावली आणि अविवाहितांनी खोली घेणे हा गुन्हा नाही असे सांगितले. मुंबईत मढ-आक्सा भागात ऑगस्ट २०१५ मध्ये पोलिसांनी हॉटेलांवर छापे घालून सुमारे चाळीस जोडप्यांना पकडले. बंद दाराआड असलेल्या माणसांवर 'सार्वजनिक' असभ्य वर्तनाचे कलम लावले. अशा छाप्यात मुलाला दंड होतो आणि मुलीचे आयुष्य पणाला लागते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. दाखला मागायला लागलो तर एकटी प्रवास करणारी बाई, दोघी मैत्रिणी, घटस्फोटिता, जातीबाहेर लग्न करायला घर सोडून आलेली मुलगी, या सगळ्यांना आपण दारातून परत पाठवू. आजवर लॉजवाल्यांनी हेच केले. निदान बाईच्या घरात तरी बाईला कागद न दाखवता रात्रीचा आसरा मिळू दे. ओळखपत्र पाहा, नाव लिहा, एवढे पुरे.

सुनावणीला मी ताईबरोबर गेले. सोसायटीचे चिटणीस म्हणाले, "आमचं वैयक्तिक काही नाही, पण एकट्या बाईनं असला धंदा करायचा म्हणजे..." आणि वाक्य तिथेच सोडले. ही अर्धी सोडलेली वाक्ये आपण जन्मभर ऐकतो. मी उठून म्हटले, वाक्य पुरे करा, साहेबांना टिपून घेऊ द्या. त्यांनी पुरे केले नाही. अधिकाऱ्यांनी मग विचारले, पाणी आणि आवाज सोडून लेखी तक्रार काय आहे? उत्तर आले नाही.

त्यानंतरची चर्चा कामाची झाली. पाहुण्यांची नावे आणि ओळखपत्रे नोंदवायची. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत ठरलेल्या नमुन्यात कळवायचे. गच्ची पाहुण्यांना बंद. रात्री दहानंतर आवाज नाही. पाणी हेटवण्याचे, तेही बेताचे, म्हणून जादा टँकर लागला तर त्याचा खर्च ताईचा. जिन्यात दिवा. जिन्याच्या तोंडाशी तक्रारवही आणि तिचा फोन नंबर. एका महिन्यात तीन रास्त तक्रारी आल्या तर नोंदणीचा फेरविचार. ताईने सगळ्या अटी मान्य केल्या. जिन्यातल्या दिव्याची अट आम्ही घातली होती. परवाना नसता तर यातली एकही अट तिच्यावर लादता आली नसती, आणि धंदा तर चालूच राहिला असता, लपून. परवाना नाकारल्याने काम थांबते हा भ्रम आहे. थांबते ती फक्त जबाबदारी.

हे त्या बारावीतल्या मुलीच्या आईलाही मी सांगितले. तिचे अजून पुरते समाधान झालेले नाही. ती म्हणते, अटी कागदावर आहेत, जिना माझ्या मुलीचा आहे. मला तिला गप्प करायचे नाही. तक्रारवहीत पहिली नोंद तिनेच केली, आणि ताईने त्या पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी खोली सोडायला लावली. हरकतीचा हक्क असाच वापरला जावा. घटना लिहा, तारीख लिहा, वेळ लिहा.

परवान्याने ताईचेही रक्षण होते हे आपल्या ध्यानात येत नाही. घरात परका पुरुष ठेवणारी बाई स्वतः धोक्यात असते. नोंदणी असेल तर पाहुण्याने गैरवर्तन केल्यावर ती पोलीस ठाण्यात ताठ मानेने जाऊ शकते. नसेल तर पहिला प्रश्न तिलाच विचारतात, तू हे कशाला करत होतीस? तिच्याकडे चादरी धुवायला, लादी पुसायला येणाऱ्या मुलीचाही विचार करा. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे अशा मुलीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. पण कामाचे ठिकाण कागदावर असेल तर तक्रार टिकवणे सोपे जाते.

महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये 'आई' नावाचे महिला-केंद्रित पर्यटन धोरण आणले. पर्यटन व्यवसायासाठी बाईने घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर १२ टक्क्यांपर्यंत व्याजाचा परतावा, सात वर्षे किंवा साडेचार लाख रुपये होईपर्यंत. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात घरगुती निवासासाठी मुद्रा कर्ज देण्याची घोषणा झाली. घोषणा चांगल्या आहेत. पण एका हाताने बाईला कर्ज देऊ करायचे आणि दुसऱ्या हाताने तिचा अर्ज सोसायटीच्या पुरुष पदाधिकाऱ्यांच्या खिशात ठेवायचा, याला धोरण कसे म्हणायचे? आणि व्यवसाय बाईच्या मालकीचा हवा ही अट पुरी करायला घर बाईच्या नावावर आहे कुठे?

तेव्हा आपल्या संघटनांनी मिळून चार मागण्या लावून धराव्यात असे मला वाटते. एक, मालकीण तिथेच राहत असेल तर सोसायटीचा ना हरकत दाखला ही पूर्वअट नसावी. सोसायटीला कळवावे आणि तीस दिवसांत कारणांसह लेखी हरकती मागवाव्यात. दोन, हरकत इमारतीत राहणाऱ्या कुठल्याही प्रौढ व्यक्तीला घेता यावी, फ्लॅट नावावर असो वा नसो. तीन, अर्जदाराचे वैवाहिक स्थान, जात, धर्म किंवा चारित्र्य यावरची हरकत दप्तरी दाखलच करून घेऊ नये. चार, रास्त हरकतींवर अटी घालाव्यात, अटी मोडल्या तर नोंदणी रद्द व्हावी, आणि हा नियम धनिकांच्या बंगल्यांनाही तितकाच कडक असावा.

आणि आपल्यासाठी एक. मोर्चा मागायला बाया येतील तेव्हा सगळ्या तक्रारी लिहून घ्या. मग प्रत्येक तक्रारीपुढे लिहा: नुकसान कोणाचे, किती, कधी. ज्या तक्रारीपुढे काही लिहिता येत नाही ती बाजूला काढा आणि त्या बायांबरोबर बसून तिच्यावरच बोला. आम्ही तीन बैठका घेतल्या. मोर्चा निघाला नाही. अकरापैकी चौघी सुनावणीच्या दिवशी ताईच्या बाजूने येऊन बसल्या, काही आल्याच नाहीत, काही अजून बोलत नाहीत.

तिसऱ्या बैठकीनंतर त्यांच्यातली एक चपला घालताना थांबली. वीस वर्षे संसार झालेली, माहेरच्या हक्कसोडपत्रावर सही केलेली. हळूच म्हणाली, "मॅडम, माझ्या नावावर काहीच नाही. मला करता येईल का हो असं काही?" मी तिला खरे ते सांगितले. आज नाही. पण माहेरच्या त्या कागदाची नक्कल घेऊन ये, वकिलांना दाखवू. ती पुढच्या मंगळवारी कागद घेऊन आली. तिचे काम आता चालू आहे.